बेस नको म्हणण्याआधी तारा बदलून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका ज्येष्ठ रसिकांचं पत्र आलं होतं. देवळाच्या सभामंडपात भक्तिगीतांचा कार्यक्रम होता. गायिका तयारीची होती, पण बेस गिटारच्या खणखणाटात अभंगाचे शब्दच कानावर पडले नाहीत. तेव्हा यापुढे आयोजकांनी हे वाद्य देवळात येऊच देऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. पत्र मी दोनदा वाचलं. त्या कार्यक्रमात मी नव्हते. पण गेली बावीस वर्षं अभंग आणि भावगीतं गाणाऱ्यांच्या मागे बसून मी हेच वाद्य वाजवते आहे. त्यामुळे त्यांना त्या रात्री काय ऐकू आलं असेल, ते मला बसल्या जागी कळलं. तक्रार अगदी खरी आहे. उपाय तेवढा चुकला आहे. एखाद्या देवस्थान समितीने तो मनावर घेण्याआधी चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे याची कल्पना आहे, पण जमल्यास कापू नये ही विनंती.

‘खणखणाट’ हा शब्द त्यांनी नेमका वापरला आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आकड्यांपासून सुरुवात करते. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला 41 कंपनं होतात, सगळ्यात बारीक तारेची 98. एवढ्या खर्जात खणखणाट मावतच नाही. तो येतो वरून. मूळ स्वराच्या डोक्यावर जे स्वयंभू स्वर उभे राहतात, त्यांतल्या वरच्या स्वरांतून, आणि बोट तारेवरून सरकताना होणाऱ्या घासण्यातून. आणि ते दोन्ही किती व्हावं हे ठरवते तारेची बाहेरची गुंडाळी.

ज्यांच्या घरी बेस असेल त्यांनी आत्ता उठून एक करून पाहावं. अंगठ्याचं नख जाड तारेवर आडवं धरायचं आणि हळूच तारेच्या लांबीने ओढायचं. ‘चर्र’ असा आवाज आला आणि नखाला स्क्रूचे आटे लागावेत तसं लागलं, तर ती राउंडवाउंड तार. आतल्या पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून दोन वेढ्यांमध्ये खाच राहते. फ्लॅटवाउंडमध्ये सगळ्यात बाहेरचा वेढा चपट्या पट्टीचा असतो. पट्टीला पट्टी चिकटून बसते, खाच उरत नाही. नख त्यावरून झावळीच्या सोललेल्या हिरावरून सरकावं तसं सरकतं. फरक एवढाच, आणि तोच सगळा फरक आहे. आज बाजारात येणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या बेसना कारखान्यातूनच राउंडवाउंड तारा लावलेल्या असतात. वाजवणारा मुलगा जे हातात पडलं तेच वाजवतो. त्याच्या जागी मीही तेच केलं होतं.

बेस मला शिकवला तो मडगावच्या एका अंकलनी. तरुणपणी ते तियात्रांच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांच्या, बँडमध्ये वाजवायचे. बाबा आमच्या माशेलात जत्रेच्या नाटकांना हार्मोनियमची साथ करायचे, त्या ओळखीतून अंकल शनिवारी घरी येऊ लागले. त्यांच्या बेसवर काळपट, गुळगुळीत तारा होत्या. किती वर्षांच्या, असं विचारलं तर ते नुसते हसत. मी पहिल्या दिवसापासून बोटं पळवायला निघाले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि म्हणाले, “बाय, पयलीं आयक, मागीर वाजय.” आधी ऐक, मग वाजव. त्या तारांवर एक स्वर छेडला की तो छातीत उतरायचा. कानाला टोचायचा नाही.

मग मी पगारातून स्वतःचा बेस घेतला. नवा, चकचकीत, राउंडवाउंड तारांचा. घरी खोलीत तो इतका सुरेख वाजला की अंकलच्या बेसपेक्षा आपलाच बरा असं मला वाटलं. पहिला कार्यक्रम फोंड्याकडच्या एका देवळात झाला. श्रावणातला सोमवार, बाहेर पाऊस, सभामंडप भरलेला. परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. बाणस्तारी आल्यावर म्हणाले, “तुझी बोटं सगळी ऐकू आली. सूर कुठे होता?”

त्या वाक्याने मी महिनाभर अस्वस्थ होते. आपल्या पत्रलेखकांनी वेगळ्या शब्दांत तेच म्हटलं आहे.

आपल्याकडची देवळं आठवून पाहा. खाली गुळगुळीत फरशी, बाजूला गिलावा केलेले जाड खांब, वर लाकडी किंवा काँक्रीटचं छत. आवाज शोषून घ्यायला माणसांखेरीज काहीही नाही. अशा जागी वरच्या पट्टीतला प्रत्येक आवाज दोन-तीनदा परत येतो. तिथे आधीच टाळ आहेत, तानपुरा किंवा तानपुऱ्याचं यंत्र आहे, गायिकेच्या ‘स’ आणि ‘श’चा फुत्कार आहे. गाण्याचे शब्द कळतात ते याच वरच्या पट्टीतून. व्यंजनं तिथेच राहतात. राउंडवाउंड बेसची खणखण नेमकी तिथे जाऊन बसते. तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांचा तो झंकार, तिथेच बोलते. जवारी लावणारा कारागीर सुताचा धागा केसभर पुढे-मागे सरकवत तास घालवतो, आणि शेजारी बसून आम्ही त्या जवारीवर लोखंडी ओरखडे काढतो. मला हे समजायला दोन वर्षं लागली.

त्यात ध्वनिक्षेपक सांभाळणारा मुलगा बेस स्पष्ट यावा म्हणून मिक्सरवर त्याचं ट्रेबल, म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज, चढवतो. बेसचं ट्रेबल चढवलं की शब्द बुडतात, मग गायिका आवाज चढवते, मग तबलजी. शेवटी श्रोते म्हणतात, बेस बंद करा. त्यांची यात चूक नाही.

घुमट या आपल्या मातीच्या मडक्याच्या वाद्याचं उदाहरण देते, म्हणजे गोमंतकीय वाचकाला वेगळं समजवावं लागणार नाही. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते चालेनासं झालं आणि आज घुमटं बकरीच्या चामड्याने मढवतात. मडकं तेच, वाजवणारे हात तेच, चवथीच्या आरत्या त्याच. तरी जुनी माणसं पहिल्या थापेला सांगतात, हे चामडं वेगळं आहे. चामड्याने घुमट बदलतं हे आपल्या कानांना पक्कं ठाऊक आहे. 2019 साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, तेव्हाही गावोगाव चर्चा चामड्याचीच चालली होती. मग बेसच्या बाबतीत वाद्यालाच का हाकलायचं? चामडं बदलतं तशी तार बदलता येते.

फ्लॅटवाउंड ही काही मी शोधलेली युक्ती नाही. अमेरिकेत लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन नावाचा बेस बाजारात आणला, तेव्हा बेसला फ्लॅटवाउंड ताराच असायच्या. चकाकत्या आवाजाची राउंडवाउंड तार बेसवर रुजली ती 1966 च्या सुमारास, इंग्लंडमध्ये. ‘द हू’ या बँडच्या जॉन एंटविसलला पियानोच्या खर्जासारखा खणखणीत आवाज हवा होता आणि रोटोसाउंड या तारांच्या कंपनीने त्याच्याबरोबर बसून तशा तारा घडवल्या. त्याला खणखणाट हवा होता, कारण त्याच्या संगीतात बेस पुढे येऊन बोलत होता. आपल्या अभंगात बोलायचं गायिकेने. त्याच काळात अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन 1962 च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड लावून बसला होता. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे, आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरत असे. बेस शिकणारा माणूस आजही त्याच्यापाशी येऊन थांबतो. आणि फ्लॅटवाउंड म्हणजे म्हाताऱ्यांचा मऊ आवाज असं ज्या मुलांना वाटतं, त्यांनी आयर्न मेडन या हेवी मेटल बँडच्या स्टीव्ह हॅरिसकडे पाहावं. त्याच्या नावाचा रोटोसाउंडचा संच फ्लॅटवाउंडच आहे.

आता निवड. इथे मी पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

पाकिटावर चार आकडे असतात, उदाहरणार्थ 45, 65, 80, 100. हे इंचाचे हजारावे भाग. 45 म्हणजे सव्वा मिलिमीटरच्याही आत, 100 म्हणजे अडीच मिलिमीटर. नवा माणूस एवढंच पाहतो आणि आधीच्या तारांचे आकडे जुळवून फ्लॅटवाउंड घेतो. लावल्यावर दचकतो, कारण तार बोटाखाली दगडासारखी लागते. चपट्या वेढ्यांत फटी नसल्यामुळे त्याच जाडीत धातू जास्त भरलेला असतो, तार जड होते, आणि जड तार त्याच स्वरावर आणायला ताण जास्त द्यावा लागतो. म्हणून फ्लॅटवाउंड घेताना आकड्यांपेक्षा ताण विचारावा. कंपन्या तो पाकिटावर किंवा आपल्या तक्त्यात पौंडांत छापतात.

मी पहिल्यांदा डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स नावाच्या तारा घेतल्या, 45 ते 100. फ्लॅटवाउंडमध्ये या बऱ्याच उजळ. पहिले दोन महिने मला वाटलं, फसले की काय. थोडी चमक होतीच. मग हाताचा घाम आणि तेल मुरत गेलं तशी ती उतरली आणि श्रावण ते जत्रा एवढ्या अवधीत आवाज छान बसला. राउंडवाउंडवरून पहिल्यांदा येणाऱ्याला मी याच सुचवते, कारण बदल एकदम अंगावर येत नाही. सध्या माझ्या बेसवर ला बेलाच्या 45 ते 105 आहेत. पहिल्या दिवसापासून गडद, गोल. जेमरसनच्या होत्या तशा 52 ते 110 च्याही मिळतात. त्या मी एकदा लावून पाहिल्या आणि तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डाव्या हाताची करंगळी वाकेना. ज्यांचा हात भक्कम आहे आणि जे सगळं मानेवरच्या पहिल्या पाच पडद्यांत (धातूच्या आडव्या पट्ट्यांत) वाजवतात त्यांनी जरूर घ्याव्यात. व्हिएन्नाच्या थॉमस्टिक इनफेल्डच्या जॅझ फ्लॅट्स अगदी उलट. 43, 56, 70, 100. ताण कमी, बोटाखाली तार मऊ हलते, स्वर लांबतो. पण उजवा हात जोरात मारणाऱ्याने त्या घेऊ नयेत, तार पडद्यांवर आपटते. त्या महागही आहेत.

रोटोसाउंडच्या 77 क्रमांकाच्या फ्लॅटवाउंडबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते आपल्या किनाऱ्याला लागू आहे. त्यांची पट्टी मोनेलची असते, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूची. समुद्राच्या पाण्याला टिकतो म्हणून मोनेल जहाजांच्या कामात वापरतात. ज्यांचं घर वाऱ्याच्या तोंडावर आहे, वास्कोकडे किंवा कळंगुटकडे, त्यांनी याचा विचार करावा. बाकीच्यांना स्टेनलेस स्टीलची पट्टी पुरते.

लांबीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मी एकदा शहरातल्या एका दुकानाला फोनवरून फ्लॅटवाउंड मागवायला सांगितल्या. पाकीट आलं, मी घाईत उघडलं, लावायला घेतलं, तर जाड वेढा नटच्या, म्हणजे खुंट्यांकडच्या खाचांच्या पट्टीच्या, आधीच संपला आणि शेपटाचा रेशमी दोरा पहिल्या पडद्यावर येऊन बसला. संच 30 इंची बेससाठीचा निघाला, माझा बेस 34 इंची. उघडलेलं पाकीट दुकानदाराने परत घेतलं नाही. तीन दिवसांवर कार्यक्रम होता. त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही, कारण मी फोनवर दोनदा बजावून सांगितलं होतं. तेव्हापासून मी टेप घेऊन मोजते: घोडीपाशी तारेचा मणी जिथे अडकतो तिथपासून नटपर्यंत. जाड वेढा त्या मापाच्या जरा पुढे संपायला हवा आणि रेशीम खुंटीकडच्या बाजूला राहायला हवं. काही बेसमध्ये तारा मागच्या लाकडातून ओवतात. फ्लॅटवाउंडला तो काटकोनी वळसा सोसत नाही, चपटी पट्टी तिथे उकलते. अशा बेसवर घोडीतूनच ओवाव्यात.

आणि कापण्याआधी वाकवा. माझ्या हातून एकदा उलट झालं. तार जास्तीची होती, मी कात्रीने सरळ टोक छाटलं आणि मग खुंटीत घालायला गेले. छाटलेल्या टोकाकडून पट्टी सैल पडायला लागली, एक वेढा, दुसरा वेढा, हातात धरेपर्यंत बोटभर मोकळी झाली. ती तार लागली खरी, पण तिचा आवाज कधीच भरला नाही, ओल्या दोरीसारखी वाजायची. आधी तार खुंटीच्या मापाने काटकोनात पक्की दुमडायची, दुमडीच्या पुढे बोटाच्या दोन पेरांवर कापायची. एवढं केलं की काही होत नाही.

चारही तारा मिळून मानेवर सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा असतो. जास्त ताणाच्या तारा लावल्या की मान पुढे झुकते. म्हणून नव्या तारा एकेक करून चढवाव्यात, रात्रभर वाद्य तसंच ठेवावं आणि सकाळी पाहावं. पहिल्या पडद्यावर आणि मान अंगाला मिळते तिथल्या पडद्यावर तार दाबून धरायची. मधे सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर मानेतला लोखंडी गज पाव फेरा आवळायचा, पुन्हा थांबायचं. एका झटक्यात पूर्ण फेरा कोणी देऊ नये. मग बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच नुसता स्पर्शाचा स्वर जुळवायचे. दाबलेला चढा लागला तर घोडीवरचा त्या तारेचा तुकडा मागे घ्यायचा. हे सगळं स्वतःला जमत नसेल तर जाणत्याकडून करून घ्यावं. तारांइतकंच महत्त्व या कामाला आहे. आणि आपल्याकडे ते वर्षातून दोनदा करावं लागतं, कारण जूनमध्ये पाऊस धरला की लाकूड ओल पितं आणि डिसेंबरात सोडतं. मान वर्षभर एका जागी राहत नाही. माझी वही आहे, तीत मिरगापासूनच्या नोंदी आहेत.

टिकण्याबद्दल सांगते, कारण पैशांचा प्रश्न इथेच सुटतो. फ्लॅटवाउंडचा संच साध्या संचाच्या जवळपास दुप्पट पडतो, काही तर त्याहून महाग. पण राउंडवाउंडच्या खाचांत घाम आणि मळ बसतो, आणि आपल्या हवेत पावसाळ्याच्या दोन महिन्यांत त्या तारा मेल्यासारख्या होतात. मी त्या टोपात पाणी घालून उकळायचे, पुसून पुन्हा लावायचे, पंधरा दिवस पुन्हा बोलायच्या. वर्षाला तीन संच लागायचे. आता बेसवर आहेत त्या ला बेलांना सात वर्षं झाली. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारेच्या वरून आणि खालून पुसते, पावसाळ्यात पेटीत सिलिकाच्या पुड्या ठेवते. बाकी काही नाही. पडद्यांची झीजही कमी होते. ज्यांच्याकडे बिनपडद्यांचा बेस आहे त्यांचं लाकूड तर राउंडवाउंड कानशीसारखं खातं.

फ्लॅटवाउंडवर सगळंच होतं असं मी म्हणणार नाही. अंगठ्याने थापा मारून वाजवायची जी पद्धत आहे तिला लागणारी चटक या तारांत नाही. हॉटेलांत, लग्नांत आजची गाणी वाजवणाऱ्या मुलांना राउंडवाउंडच हवी आणि त्यांनी तीच ठेवावी. दोन्हीकडे वाजवणाऱ्याने शक्य असेल तर दुसरा स्वस्तातला बेस घेऊन त्यावर फ्लॅटवाउंड लावावी. नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या काळ्या तारा असतात, त्याही अभंगाला छान वाजतात. अर्ध्या घासून सपाट केलेल्या तारा मधला मार्ग म्हणून विकतात, मला त्या इकडच्याही वाटल्या नाहीत आणि तिकडच्याही.

आणखी एक धोका प्रामाणिकपणे सांगते. फ्लॅटवाउंडचा स्वर गडद, आणि तबल्याचा डग्गाही त्याच भागात बोलतो. गायिकेची पट्टी काळी चार असेल तर माझा खालचा षड्ज 52 कंपनांच्या आसपास येतो, काळी एक असेल तर 69 च्या. डग्ग्याच्या घुमाऱ्यावर सतत वाजवत राहिलं तर दोघांचाही चिखल होतो. म्हणून मी सम सोडली तर डग्गा बोलतो तिथे गप्प राहते, आणि घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची बोटभर पट्टी खोचते. स्वर लवकर मिटतो, तबल्याला जागा मिळते. स्पंजची हिरवी खरबरीत बाजू काढून टाकायची, नुसता पिवळा भाग ठेवायचा. अगदी घट्ट खोचला तर स्वरच मरतो. तार हलली पाहिजे, नुसती रेंगाळू नये.

पत्रलेखकांना मला ज्या एका जागेबद्दल सांगायचं आहे ती आता. गेल्या वर्षी श्रावणातल्या सप्ताहात आमच्या भागातल्याच एका देवळात भैरवीतल्या अभंगाने शेवट होत होता. गायिकेने शेवटच्या ओळीवर मध्यमावरून षड्जावर एक लांब मींड घेतली. तालमीत ती तशी घेत नव्हती. माझं डावं बोट मध्यमावर होतं. राउंडवाउंड असती तर मी तिथे बोट उचललं असतं, कारण तारेवरून घसरले असते तर ‘चर्र’ आवाज तिच्या मींडेच्या मधोमध आला असता. मी बोट उचललं नाही. तसंच दाबून तिच्याबरोबर खाली आले. पडद्यांमुळे पायऱ्या असतातच, पण गुळगुळीत तारेवर त्या जवळजवळ पुसल्या गेल्या. षड्जावर आम्ही दोघी एकदम पोचलो. तिने मान वळवून पाहिलं. पुढच्या रांगेत बाबा बसले होते, त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मला तेवढं पुरलं.

अशा जागा या वाद्यात आहेत. ते देवळातून बाहेर काढलं तर त्याही बाहेर जातील.

म्हणून मंडळांना आणि देवस्थान समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या महिन्यात चवथ, त्यानंतर जत्रा सुरू होतील. बेस वाजवणाऱ्याला बोलावताना एवढंच विचारा, तारा कुठल्या आहेत. मंडळाचा स्वतःचा बेस असेल तर यंदा नव्या स्पीकरचा खर्च थांबवा आणि एक फ्लॅटवाउंडचा संच घेऊन जाणत्याकडून लावून घ्या. ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्या मुलाला सांगा, बेसचं ट्रेबल मधोमध ठेव किंवा थोडं खाली, आणि आवाज पहिल्या गाण्यात सभामंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहून ठरव. पणजी, म्हापसा, मडगावच्या दुकानदारांना विनंती की दोन-तीन संच तरी 34 इंची मापाचे ठेवावेत आणि पाकिटावर माप पाहूनच गिऱ्हाइकाला द्यावेत.

त्या ज्येष्ठ रसिकांना माझं मनापासून आमंत्रण आहे. माझ्याकडे दोन बेस आहेत, एकावर राउंडवाउंड, एकावर फ्लॅटवाउंड. शाळेच्या सभागृहात, फरशीवर, तानपुरा लावून दोन्ही वाजवून दाखवीन. हवं तर तोच अभंग. कोणा मुलाला स्वतःचा बेस घेऊन यायचं असेल तर रविवारी सकाळी यावं, मान आणि घोडी पाहून देईन, पैसे घेत नाही. येताना सध्या लावलेल्या तारांचं रिकामं पाकीट जपून ठेवलं असेल तर आणावं, जाडी त्यावरच छापलेली असते, कधी ताणही.

आपली नम्र,
एक शिक्षिका आणि बेसवादक
माशेल, गोवा